फळबागेतलं डुक्कर

इंग्लंडच्या पश्चिमेला ग्लॉस्टरशर नावाचा परगणा आहे. तिथे डुकरांची एक जुनी जात आहे. पांढरं धिप्पाड अंग, डोळ्यांवर झापडांसारखे पडलेले लांब कान, आणि पाठीवर दौतीतून शाई सांडावी तसे दोन-चार काळे ठिपके. जातीचं नाव ग्लॉस्टरशर ओल्ड स्पॉट. हे ठिपके आले कुठून, असं विचारलं तर तिथले लोक सांगतात की झाडावरची सफरचंदं पाठीवर पडून पडून हे डाग उमटले. गोष्ट थापेची आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं, पण तिच्यामागचं चित्र खरं आहे. सेव्हर्न नदीच्या खोऱ्यातल्या सफरचंद आणि पेअरच्या बागांमध्ये ही डुकरं मोकळी सोडलेली असत. म्हणून त्यांचं दुसरं नावच ‘बागेतलं डुक्कर’ असं पडलं.

आपल्याकडे डुक्कर म्हटलं की उकिरडा आठवतो. युरोपातल्या शेतकऱ्याला मात्र झाडाखालचा जनावरांचा कळप आठवायचा. बागेत डुक्कर सोडण्यात त्याचा पुरेपूर फायदा होता. गळून पडलेली, किडकी, पाखरांनी टोचलेली फळं तशीच राहिली तर त्यांतली कीड पुढच्या वर्षी पुन्हा झाडावर चढते. डुक्कर ही फळं वेचून खातं, जमिनीला खत देतं आणि दाणा विकत न घेता लठ्ठ होतं. पानगळ संपत आली की झाडं रिकामी झालेली असतात आणि डुक्कर भरलेलं असतं.

डुकराचं मांस आणि फळ एकाच तव्यात शिजवायची युरोपी रीत इथून सुरू होते. आज रेस्टॉरंटच्या मेनूवर ‘पोर्क विथ ॲपल्स’ वाचलं की एखाद्या शेफला सुचलेली ही नवलाई वाटते. पण भोगीची भाजी जशी कुणा एकाने शोधून काढलेली नाही, पौषात शेतात जे असतं ते एका पातेल्यात जातं, तसंच हे. जोडी आधी ऋतूने जमवली आणि जिभेने तिला नंतर पसंती दिली.

नोव्हेंबरचं पान

फ्रान्समध्ये शांतिई इथल्या संग्रहालयात पंधराव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे. बेरी परगण्याच्या ड्यूकसाठी तयार होऊ लागलेला हा प्रार्थनाग्रंथ. त्यात बारा महिन्यांची बारा चित्रं आहेत. ड्यूकच्या हयातीत काम पुरं झालं नाही. नोव्हेंबरचं चित्र पुढे १४८५ च्या सुमारास झाँ कोलोंब या चित्रकाराने काढलं. त्यात मेजवानी नाही. एक गुराखी ओकच्या झाडात काठी भिरकावण्याच्या पवित्र्यात उभा आहे, शेजारी त्याचा कुत्रा, आणि झाडाखाली पडलेली ओकफळं खाण्यात गढलेली डुकरं. त्या काळच्या युरोपात नोव्हेंबर म्हणजे काय, तर हे.

जंगलात डुकरं चारण्याचा हा हक्क इतका मोलाचा होता की १०८६ साली इंग्लंडच्या राजाने राज्यातल्या मालमत्तेची पाहणी करून घेतली तेव्हा कित्येक ठिकाणी जंगलाचं माप ‘इतक्या डुकरांपुरतं’ असं नोंदवलं गेलं. दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टमध्ये हा हक्क आजही चालू आहे. दर वर्षी पानगळीत किमान ६० दिवस तिथल्या गावकऱ्यांची डुकरं जंगलात सोडली जातात. जमीन उकरू नये म्हणून त्यांच्या नाकात कडी घालतात. ओकची हिरवी फळं तिथल्या तट्टांना आणि गुरांना विषारी ठरतात, डुकरांना मानवतात. त्यामुळे डुकरं पोट भरता भरता बाकीच्या जनावरांसाठी जंगल साफ करून ठेवतात.

मग हिवाळा यायचा. बर्फ पडल्यावर जनावरांना घालायला काय, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे असे. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, मेंढी लोकर देते. डुकराचा जिवंतपणी तसा काही उपयोग नाही. तेव्हा चरबी सर्वांत जास्त, चारा संपत आलेला आणि मांस टिकायला पुरेशी थंडी, असा मुहूर्त साधून त्याला मारत. डच भाषेत नोव्हेंबरचं जुनं नावच ‘कत्तलीचा महिना’ असं आहे. ११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचा दिवस. प्रत्येक डुकराचा संत मार्टिन कधीतरी येतोच, अशा अर्थाची म्हण स्पॅनिश लोक आजही वापरतात. ‘भरला घडा’ म्हणताना आपल्याला जे सुचवायचं असतं तेच तिथे डुकराच्या तोंडून.

मारलेल्या डुकरातलं बहुतेक मांस मिठात जायचं नाहीतर धुरावर टांगलं जायचं. सफरचंदांचंही तसंच. डाग नसलेली फळं माळ्यावर गवतात एकेक करून मांडत, ती वसंतापर्यंत पुरत. उरायचं ते दोन्हीकडचं न टिकणारं. इकडे खारवता न येणारे मांसाचे तुकडे, तिकडे मार लागलेली सफरचंदं. दोन्ही आज संपवायला हवीत. त्यांची गाठ कुठे पडणार, तर चुलीवरच्या एकुलत्या एका भांड्यात.

रोमच्या पातेल्यात हिंग

या जोडीची पाककृती निदान दीड हजार वर्षांपासून लिहिलेली सापडते. अपिकियस या नावावर खपणारा लॅटिन पाककृतींचा एक संग्रह आहे. तो आजच्या रूपात चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास आला. त्यात ‘मातिउसच्या सफरचंदांचा’ एक पदार्थ दिला आहे. मातिउस हा रोमन गृहस्थ, त्याच्या नावाने सफरचंदाची एक जात ओळखली जाई. ती जात गेली, नाव मात्र शिल्लक आहे. स्पॅनिशमध्ये सफरचंदाला ‘मान्साना’ म्हणतात आणि पोर्तुगीजमध्ये ‘मासां’. दोन्ही शब्द या मातिउसचेच वंशज.

कृती वाचताना मराठी वाचक दोनदा थबकतो. पातेल्यात तेल, माशाचं खारं पाणी आणि रस्सा घ्या. त्यात चिरलेला लीक म्हणजे कांद्याच्या कुळातली एक पात, कोथिंबीर आणि खिम्याचे लहान गोळे टाका. आधी शिजवून घेतलेलं डुकराच्या खांद्याचं मांस कातडीसकट चौकोनी कापून घाला. निम्मं शिजलं की बिया काढून तशीच चौकोनी कापलेली सफरचंदं सोडा. तोवर खलात मिरी, जिरं, धने किंवा कोथिंबीर, पुदिना आणि ‘लासेर’चं मूळ वाटून घ्या. त्यात व्हिनेगर, मध आणि आटवलेला द्राक्षरस घालून ते पातेल्यात ओता. उकळी आली की पिठाची वाळलेली पापडी कुस्करून रस दाट करा, वरून मिरी भुरभुरा आणि वाढा.

हे लासेर म्हणजे मुळात उत्तर आफ्रिकेतल्या सिल्फियम नावाच्या वनस्पतीचा चीक. ती वनस्पती पहिल्या शतकातच दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी इराणच्या बाजूने येणारा हिंग वापरात आला. मिरी मलबारची. म्हणजे हिंग, जिरं, मिरी, कोथिंबीर आणि पुदिना हा आपल्या फोडणीच्या डब्याचा अर्धा संसार रोममध्ये डुक्कर आणि सफरचंदाच्या सोबतीला होता.

त्या कृतीतलं एक वाक्य आजच्या स्वयंपाकालाही लागू पडतं. सफरचंद निम्मं शिजल्यावर घालायचं. सुरुवातीला घातलं तर त्याचा लगदा होतो आणि शेवटी घातलं तर ते मांसाचं होत नाही, पाहुणं राहतं.

एकाच तव्याचा संसार

आपल्या जुन्या चुलीला निदान वैल असायचा. पुढे भाकरी, मागे आमटी. उत्तर युरोपातल्या गरीब घरात एक आग आणि तिच्यावर टांगलेलं एक भांडं, एवढंच. सरपण तोडायला जंगलमालकाची परवानगी लागायची. त्यामुळे जेवण एकाच भांड्यात व्हायचं ही तेव्हाची गरज होती. आज भांडी कमी घासावी लागतात म्हणून आपण त्याच रीतीला सोय म्हणतो.

डेन्मार्कचा ‘एब्लेफ्लेस्क’ हा या घराण्यातला सर्वांत सरळ पदार्थ. नावाचा अर्थ सफरचंद आणि डुकराची चरबीदार पट्टी. पोटाच्या मांसाच्या पट्ट्या तव्यात कुरकुरीत करून काढून घ्यायच्या. मागे राहिलेल्या चरबीत कांदा आणि सफरचंदाच्या फोडी परतायच्या. फोडी कडेला विरघळू लागल्या आणि मध्ये अजून दाताला लागतात अशा झाल्या की पट्ट्या पुन्हा वर ठेवायच्या. तवा उचलून थेट टेबलावर आणायचा. सोबत काळा, आंबूस राय पाव. बस्स.

जर्मनीच्या उत्तरेला, हॅम्बुर्गच्या आसपास, नाशपातीचं हेच काम एका पातेल्यात चालतं. पदार्थाचं नावच सगळं सांगून टाकतं: पेअर, घेवडा आणि खारवलेलं डुकराचं मांस. यातले पेअर बोराहून थोडे मोठे, कडक, तुरट, नुसते खाववणार नाहीत असे. ते देठासकट अख्खे शिजवतात. घेवड्याबरोबर ओव्याची आठवण करून देणारी एक वनस्पती घालतात. ऑगस्टच्या अखेरीपासून काही आठवडेच घेवडा आणि ते पेअर एकदम तयार असतात. ते दिवस गेले की पदार्थही गेला. आपल्याकडे हुरड्याचे दिवस सरल्यावर कुणी हुरडा मागत नाही, तसं.

ऱ्हाइन नदीकाठी सफरचंद आणि बटाटे एकत्र कुस्करतात आणि वर रक्ताचं सॉसेज तळून ठेवतात. या पदार्थाला म्हणतात ‘स्वर्ग आणि पृथ्वी’. स्वर्ग म्हणजे झाडावरचं सफरचंद, पृथ्वी म्हणजे जमिनीतला बटाटा. डुक्कर या दोहोंच्या मध्ये कुठे बसतं, हे नावात नाही.

फ्रान्समध्ये ही गावरान जोडी जरा नटली. नॉर्मंडी हा सफरचंदांचा आणि गाईंचा मुलूख. तिथे फोडींच्या जोडीला सफरचंदाची आंबवलेली सायडर, तिच्यापासून गाळलेली काल्वादोस दारू आणि साय आली. लुआर नदीवरच्या तूर शहराच्या भागात सफरचंदाऐवजी वाळवलेले प्लम आले, तिथल्याच व्हूव्रे वाइनमध्ये भिजवलेले. प्रांत बदलला की फळ बदलतं, दारू बदलते. डुक्कर आणि पानगळ तेवढी तीच राहतात.

खाटकाचं सफरचंद

फळ कोणतं घ्यायचं, हा या स्वयंपाकातला खरा प्रश्न. त्याचं उत्तर इंग्रजांनी एका झाडाच्या रूपाने दिलं आहे. १८०९ साली नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने सफरचंदाच्या बिया पेरल्या. त्यातून एक झाड आलं. १८४६ मध्ये ते घर आणि परसबाग मॅथ्यू ब्रॅम्ली याने विकत घेतली. हा गावातला खाटीक. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर नावाच्या रोपवाटिकेच्या मालकाने झाडाच्या काड्या मागितल्या. खाटकाने त्या दिल्या, पण फळाला माझं नाव हवं, अशी अट घातली. बी रुजवणारी मुलगी बाजूला राहिली आणि इंग्लंडचं सर्वांत प्रसिद्ध स्वयंपाकाचं सफरचंद एका खाटकाच्या नावाने विकलं जाऊ लागलं. डुकराशेजारी शिजण्यासाठी यापेक्षा योग्य नाव मिळालं नसतं.

ब्रॅम्ली कच्चं खाल्लं तर दात आंबतात. शिजवलं की दहा मिनिटांत त्याचा फेसाळ लगदा होतो. भाजलेल्या डुकराबरोबर इंग्रज लोक जो सफरचंदाचा सॉस खातात तो याच गुणामुळे जमतो. याउलट कॉक्ससारखं गोड-आंबट सफरचंद आच लागली तरी फोडीचा आकार सोडत नाही. या फरकात आम्लाचाही वाटा आहे. सफरचंदाच्या पेशींना पेक्टिन एकमेकींशी चिकटवून ठेवतं. उष्णता आणि भरपूर आम्ल एकत्र आलं की ते बंध लवकर सुटतात.

सफरचंदातलं हे मुख्य आम्ल म्हणजे मॅलिक आम्ल. १७८५ मध्ये कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ते सफरचंदाच्या रसातून वेगळं केलं. ‘मालुम’ या सफरचंदाच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव ठेवलं गेलं. चरबीचा घास तोंडात गेला की जिभेवर एक पातळ थर बसतो आणि पुढचे घास बोथट लागू लागतात. आम्ल लाळ सोडवतं, तोंड धुऊन निघतं, पुढच्या घासाला जीभ पुन्हा तयार. वडापावाबरोबर चिंचेची चटणी आणि तळलेल्या मासळीवर लिंबू आपण याच कारणाने घेतो.

म्हणजे सफरचंदाकडून आपल्याला मुख्यतः आंबटपणा हवा आहे. गोडी हे त्याचं दुसरं काम. आपल्या बाजारात गणपतीपासून दिवाळीपर्यंत ज्या काश्मिरी आणि हिमाचली सफरचंदांच्या पेट्या रचलेल्या असतात ती बहुतेक डेलिशस जातीची. रंग सुरेख, गोडी भरपूर, आम्ल कमी. तव्यात ती गोडमिट्ट होतात. त्यापेक्षा हिरवं ग्रॅनी स्मिथ बरं. तेही एका बाईच्या परसात उगवलेलं. सिडनीजवळच्या ईस्टवुडमध्ये मारिया ॲन स्मिथ यांच्याकडे १८६८ च्या सुमारास रुजलेलं. त्यात आम्ल आहे आणि फोडही टिकते. लाल सफरचंदच घरात असेल तर एक चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस हाताशी असू द्यावा.

तव्यावर

आता तवा. बिडाचा जाड तवा सर्वांत चांगला, पण तो वापरून वापरून काळा तुळतुळीत झालेला हवा. नव्या कोऱ्या लोखंडात आंबट फळ फार वेळ शिजलं की त्याला लोखंडाची चव चढते. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हे आपल्या आज्यांना सांगावं लागत नव्हतं. तेच शास्त्र इथे. शंका असेल तर जाड बुडाचं स्टीलचं पसरट भांडं घ्यावं.

चौघांसाठी पाठीचं पाऊण किलो मांस पुरे. बोटाच्या एका पेराएवढे जाड काप, एका कडेला चरबी असलेले. तासभर आधी मीठ चोळून ठेवावं आणि शिजवण्याआधी कागदाने किंवा कापडाने अगदी कोरडं पुसावं. ही पायरी टाळू नये. १९१२ मध्ये लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने साखर आणि अमिनो आम्लं तापवल्यावर होणाऱ्या ज्या अभिक्रियेचं वर्णन केलं, तिच्यामुळे मांसाला तांबूस खरपूस रंग आणि वास येतो. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे ती जोर धरते. मांस ओलं असेल तर पाणी उडून जाईपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांपलीकडे जातच नाही. तोवर मांस परतलं जात नाही, उकडतं.

काप आधी चरबीच्या कडेवर उभे करावेत. मंद आचेवर ती कड वितळू लागली की वेगळं तेल लागत नाही. मग आच वाढवून दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं. काप ठेवला की चर्र आवाज यायला हवा आणि तो कमी होत जाऊन बारीक तडतड सुरू व्हायला हवी. सारखं हलवू नये. तळापासून सुटण्याची त्याची वेळ आली की तो आपोआप सुटतो. काप ताटलीत काढून ठेवावेत.

तव्याच्या तळाला आता तपकिरी खरवड धरलेली दिसेल. धुऊन टाकावीशी वाटेल, पण जेवणाची निम्मी चव तिच्यात आहे. आच कमी करून दोन उभे चिरलेले कांदे घालावेत. कांद्याचं पाणी सुटतं आणि पहिली खरवड सुटू लागते. कांदा मऊ होऊन तांबूस व्हायला वेळ द्यावा. मग दोन सफरचंदांच्या आठ-आठ फोडी, सालासकट. साल फोडीला धरून ठेवतं. फळांतली फ्रुक्टोज साखर साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला करपू लागते, म्हणून मांसाच्या मोठ्या आचेवर फळ टाकायचं नाही. फोडींच्या कापलेल्या बाजू सोनेरी झाल्या की उलटाव्यात.

मग पाऊण कप सायडर. ती नसेल तर साखर न घातलेला सफरचंदाचा रस आणि चमचाभर व्हिनेगर. तवा फुसफुसेल. त्या वेळी लाकडी उलथन्याने तळ नीट खरवडून घ्यावा. एक चमचा मोहरीचा सॉस आणि थाइमच्या दोन काड्या घालाव्यात. थाइम मिळालं नाही तर चिमूटभर ओवा चालतो, कारण दोन्हींचा वास मुख्यतः थायमॉल या एकाच द्रव्याचा आहे. रस उलथन्याला चिकटण्याइतका आळला की काप आणि ताटलीत साठलेला त्यांचा रस परत तव्यात घालून झाकण ठेवावं.

किती शिजवायचं? अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अख्ख्या कापांसाठीची मर्यादा ७१ अंश सेल्सिअसवरून ६३ अंशांवर आणली आणि त्यानंतर तीन मिनिटं मांस तसंच ठेवायला सांगितलं. खिम्याला मात्र ७१ अंशच. अशा मांसाचा मध्य किंचित गुलाबी राहतो. हे तपासणी झालेल्या मांसाचं. आपल्याकडे डुकराच्या मांसातून फीतकृमीचा धोका खरोखरच आहे. मांस कुठून आलं याची खात्री नसेल तर गुलाबीच्या नादी लागू नये, पूर्ण शिजवावं. अशा वेळी खांद्याचं मांस घेऊन लहान तुकडे करावेत आणि झाकण ठेवून तास-दीड तास मंद आचेवर शिजवावेत. सफरचंद शेवटच्या २० मिनिटांत. खांद्यातले चिवट धागे हळूहळू विरघळून जिलेटिन होतात आणि रसाला आपोआप दाटपणा येतो.

पाठीचं मांस कोरडं होण्याची भीती ही आजची अडचण आहे. जुन्या डुकराला चरबी भरपूर असे, कारण घरात तळणीला तीच लागायची. वनस्पती तेलं स्वस्त झाली आणि लोकांना चरबी नकोशी झाली, तशी बाजाराने सडपातळ डुकरं घडवली. पूर्वी सफरचंद चरबी कापायला यायचं. आता बऱ्याचदा ते कोरड्या मांसाला ओलावा द्यायला येतं. जोडी तीच, पण कामं बदलली. मूळ चव हवी असेल तर चरबीची कड कापून टाकू नये.

फळ बदलून पाहायचं तर पेअर, अंजीर, प्लम, द्राक्षं चालतात. ताज्या अननसाशी मात्र जपून. त्यातलं ब्रोमेलेन मांसाची प्रथिनं तोडतं. मटण मऊ करायला आपण कच्ची पपई लावतो तोच प्रकार. रात्रभर अननसात मुरवलेल्या मांसाचा भुगा होतो. अननस शिजताना घातला तर उष्णतेने ते विकर निकामी होतं.

सोलं, कचंपुळी, औटेंगा

आपल्या किनाऱ्यावर पानगळ नाही आणि सफरचंदही नाही. तरीही डुक्कर आणि फळाची गाठ इथेही पडलेली आहे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत ‘सोलांतुलें’ करतात. नावातच सोलं आहेत, म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं, आपली आमसुलं. चरबीसकट कापलेलं मांस, हळद, मीठ, आलं, लसूण, हिरव्या मिरच्या आणि मूठभर सोलं एका भांड्यात घालायची आणि मांसाच्याच रसात, चरबीत मंद शिजवायची. ना नारळ, ना लांबलचक मसाल्याची यादी. गोव्याचं डुकराचं मांस म्हटलं की व्हिंदालूचं आणि सोरपोतेलचं नाव आधी येतं. त्यांतला आंबटपणा व्हिनेगरचा. सोलांतुलेंमधला झाडाचा.

कर्नाटकातल्या कोडगूमध्ये डुकराच्या पंदी करीला काळीभोर धार देते ती कचंपुळी. कोकमाच्याच कुळातल्या एका फळाचा रस आटवून आटवून काकवीइतका दाट केलेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला, भाताची लावणी उरकल्यावर, कैलपोळ्द हा हत्यारांच्या पूजेचा सण येतो, तेव्हा हे मांस आणि तांदळाचे गोळे होतातच. आसामात डुकराच्या मांसात औटेंगा हे हिरवं, जाड पाकळ्यांचं आंबट फळ घालतात.

एक फरक नीट पाहण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये सफरचंद आणि डुक्कर एकाच महिन्यात तयार होतात, म्हणून भेटतात. कोकम पिकतं एप्रिल-मेमध्ये. त्याची सालं रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, आणि पाऊस यायच्या आत बरणीत भरायची. मग ती वर्षभर मांसाची वाट पाहत बसतात. तिकडे मांस आणि फळ दोन्ही ताजीच एकत्र आली. इकडे फळ वाळवून ठेवलं आणि मांस ताजं आणलं. थंड मुलखाची आणि दमट मुलखाची साठवणुकीची रीत वेगळी, पण चरबीवर आंबट घालायचं हा निकाल दोन्हीकडे एकच.

म्हणून हा पदार्थ करून पाहायचा असेल तर फळवाल्याकडे गोड सफरचंद मागू नका. तो सगळ्यांत लाल, चकचकीत फळ पुढे करील. त्याला नको म्हणा आणि आंबट मागा. ते मिळालं नाही तर घरी या आणि आमसुलाची बरणी उघडा. तव्याला गोडीची कमतरता पडत नाही. तेवढं काम दोन कांदे करतात.